उशांचा तट

रात्री अडीचच्या सुमाराला वहिनीचा फोन वाजला. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर पोटात गोळा येतोच. पलीकडून दादा, पुण्याहून. "ती पालथी पडलीय, आधी तिच्याकडे बघ," एवढंच म्हणाला. आम्ही तिघी इथं सांगलीत, त्याच खोलीत. एप्रिलचा उकाडा आणि घरात कूलर एकच, म्हणून सगळ्या खालच्या खोलीत निजत होतो. चार महिन्यांची ठकू वहिनीपासून हातभर अंतरावर, मी खिडकीखाली, आई दाराशी. आमच्यातल्या एकीलाही पत्ता नाही, आणि सव्वादोनशे किलोमीटरवर भाड्याच्या खोलीत जागत बसलेल्या तिच्या बापाला मात्र कळलं. मागच्या रविवारी येऊन त्यानं कपाटावर एक मुठीत मावेल असा कॅमेरा बसवला होता. त्यावरून आईनं "आता घरात केस विंचरायची पण चोरी" म्हणून कुरकुर केली होती.

दिवा लावला. ठकू खरंच पालथी होती. एक हात छातीखाली अडकलेला, डावा गाल गादीत रुतलेला, ओठांचा चंबू. श्वास नीट चालू होता आणि बाई गाढ झोपेत होत्या. वहिनीनं तिचा हात सोडवला, अलगद उताणं केलं. ती क्षणभर कपाळाला आठी घालून पुन्हा निजली. तेवढ्यात आई उठून कामाला लागली होती. दिवाणावरचे दोन लोड, तिची स्वतःची उशी, माझी उशी आणि पायाशी गुंडाळलेली वाकळ, असा तिनं ठकूच्या दोन्ही अंगांना तट उभा केला. "आता कशी पालथी पडतीय बघू." वहिनी काही बोलली नाही. आई आडवी झाल्यावर तिनं एकेक उशी उचलून आपल्या पलीकडे ठेवली. थोड्या वेळानं आई उठली, तिनं सगळ्या उशा परत लावल्या. वहिनीनं परत काढल्या. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत. फोन अजून चालूच होता, आणि त्यातून दादाचा बारीक आवाज आला, "आई, मला दिसालंय बरं का सगळं."

हसू आलं, पण झोप गेली ती गेलीच.

मी आत्या. बाळाच्या घरात आत्याचं पद मोठं चमत्कारिक असतं. बारशाला कानात नाव सांगायचा मान तिचा, कुर्रर्र करून पाठीत धपाटे खायचे तेही तिनंच. पण बाळाला कसं निजवायचं याचा निर्णय तिच्याकडे कधीच येत नाही. मला मूलबाळ नाही. त्यामुळे "तुला नाही कळायचं" हे वाक्य दोन्ही बाजूंनी कधीही येऊ शकतं, आणि न बोलताही ते खोलीत असतंच. मात्र आठवीला विज्ञान शिकवते म्हणून शरीर, श्वास, नळ्या असले विषय निघाले की दोघी माझ्याकडे बघतात. पंच म्हणून नव्हे, आपल्या बाजूची म्हणून. त्या रात्रीनंतर मला सारखं ते उशांचं लावणं-काढणं दिसत राहिलं. आईच्या हातात भीती होती आणि वहिनीच्या हातातही भीतीच होती. भीती एकच, आणि ती एकीला वस्तू मांडायला लावत होती, दुसरीला उचलायला.

आईचं म्हणणं सोपं होतं. मूल वळायला लागलं की पडतं, म्हणून बाजूला काहीतरी लावायचं. तिनं आम्हा दोघांना तसंच वाढवलं. आमच्या दिवाणाला तीन बाजूंनी लोड असायचे आणि चौथ्या बाजूला आई. शिवाय तिच्या मते बाळ म्हणजे गुंडाळून, झाकून, टोपडं घालून, उबेला ठेवायची गोष्ट. वहिनी माहेराहून पाडव्यानंतर आली तेव्हा विट्याच्या विहीणबाईंनी सोबत काय काय पाठवलं होतं! तीन कुंच्या, हातानं शिवलेली दुपटी, पोतीच्या पोती वाटाव्यात अशा लंगोट्या, मऊ जुन्या साड्यांची वाकळ, आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. ती उशी हातात घेतली की आतले दाणे सरसर पळतात, छान गार लागते. दोन्ही आज्यांनी जे जे काही ठकूसाठी जमवलं ते सगळं तिच्या अंथरुणावर ठेवण्यासाठी होतं. आणि आता ही तेवढ्याच मायेनं सांगणारी सून म्हणत होती, की अंथरुणावर काही नको.

सकाळी वहिनीनं मिरजेला डॉक्टरांना फोन लावला, आणि संध्याकाळी आम्ही तिघी ठकूला घेऊन गेलोच. आईला नेलं हे वहिनीचं शहाणपण. डॉक्टरांचं बोलणं तिनं घरी येऊन सांगितलं असतं तर ते सुनेचं बोलणं झालं असतं. डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांनी आधी ठकूला टेबलावर उताणं ठेवून तिच्यासमोर खुळखुळा धरला, ती कंबर वळवून, पाय टाकून, हाताशी झटापट करून पालथी झाली आणि मान वर काढून आमच्याकडे बघू लागली. "छान," म्हणाले. मग वाट बघत राहिले. ठकूला परत उताणं व्हायला काही जमेना. चिडली, रडली. "हे यायला थोडे दिवस लागतील. बहुतेक मुलं चार ते सहा महिन्यांत दोन्ही शिकतात. कुणी आधी हे, कुणी आधी ते." मग आईकडे बघून म्हणाले, "झोपवताना रोज पाठीवरच झोपवायचं, एक वर्षाची होईपर्यंत. रात्री पालथी झालेली दिसली तर आत्ता तिला वळवा. पण तिला दोन्हीकडे आपलं आपण वळता यायला लागलं, की मग ती झोपेत जशी जाईल तशी जाऊ द्या. रात्रभर पहारा करायचा नाही. ती कुठेही वळली तरी तिच्या नाकातोंडासमोर काही मऊ येणार नाही, एवढं मात्र तुमच्या हातात आहे."

आईनं विचारलंच, "उशा लावल्या तर वळणारच नाही ना?"

"वळेल. आणि वळून उशीत तोंड घालेल. तिथून बाहेर कसं यायचं ते तिला अजून माहीत नाही." उशीत, लोडात, गोधडीत नाक रुतलं की मूल आपणच सोडलेली हवा परत परत आत घेतं, प्राणवायू कमी पडत जातो, असं त्यांनी समजावलं. मोठं माणूस झोपेत गुदमरलं तर दचकून उठतं, डोकं बाजूला करतं. इतक्या लहान मुलांत हे जागं होणं अजून कच्चं असतं, आणि पालथं निजल्यावर झोप आणखी गाढ लागते. आई गप्प ऐकत होती. मग तिनं दुसरा बाण काढला, "पण उताणं निजवल्यावर दूध वर आलं तर? ते नरड्यात नाही जायचं?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो नुसता हट्टाचा नव्हता, त्यामागं विचार होता.

याचं उत्तर घरी आल्यावर मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढून दाखवलं. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे. बाळ उताणं असलं की अन्ननलिका खाली येते आणि श्वासनलिका तिच्या वर. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला चढ चढावा लागतो. मूल ते गिळून टाकतं नाहीतर कडेनं बाहेर काढतं. पालथं घातलं की उलट. श्वासनलिका खाली, आणि दूध उताराला. आईनं चष्मा लावून चित्र दोनदा बघितलं, कॅलेंडर उलटंसुलटं केलं. "म्हणजे पालथं निजवलं तरच धोका म्हण की," आणि जरा वेळानं, "मग आमच्या डॉक्टरीणबाई का सांगायच्या पालथं घाला, गॅस सुटतो म्हणून?"

खरं सांगायच्या त्या. तेव्हाची डॉक्टरी तसंच सांगत होती, आणि ती काही सांगलीचीच नव्हती. अमेरिकेतल्या घराघरात डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यात मुलांना पालथं निजवण्याचा सल्ला आला. कारणं दोन दिली होती. एक, उताणं निजलेलं मूल ओकलं तर ठसका लागेल. दोन, एकाच बाजूला मान ठेवून डोकं चपटं होईल. आईनं शब्दश: हीच दोन कारणं आमच्या स्वयंपाकघरात मांडली होती, स्पॉक हे नावही कधी न ऐकता. पुढे १९९० च्या आसपास अनेक देशांत अचानक झोपेत दगावणाऱ्या बाळांचा नीट अभ्यास झाला, आणि पालथं निजवणं हे त्यातलं मोठं कारण निघालं. ब्रिटननं १९९१ मध्ये उताणं निजवायची मोहीम काढली, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं १९९२ मध्ये सल्ला बदलला, १९९४ मध्ये तिथं देशभर प्रचार सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत अशा मृत्यूंचं प्रमाण तिथं जवळपास निम्म्यावर आलं. औषध नाही, लस नाही, यंत्र नाही. मूल फक्त पाठीवर ठेवलं. आणि मन विषण्ण करणारी गोष्ट पुढे २००५ च्या एका आढाव्यात आली. पालथं निजवू नये हे सांगणारा पुरावा १९७० पर्यंतच जमा झालेला होता. कुणी तो एकत्र करून बघितला नाही, म्हणून वीस वर्षं चुकीचा सल्ला चालू राहिला.

हे सगळं मी आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला आणि तिनं मला गल्लीतल्या एका बाईंचं नाव घेऊन सांगितलं. त्यांना मी लहानपणापासून बघत आलेय, त्यांच्याकडची संक्रांतीची तिळाची पोळी खाल्लीय. त्यांना एक मुलगा होता, थोरला. अडीच-तीन महिन्यांचा असताना झोपेतच गेला. सकाळी उठवायला गेल्या तर गार. "ताप नाही, खोकला नाही. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं सटवाईनं लिहिलं तेवढंच आयुष्य. सासू मरेपर्यंत तिला बोलत होती, पांढऱ्या पायाची म्हणून." आई थोडी थांबली. "ते पोरगं कसं निजलेलं, हे मात्र कुणी विचारलं नाही बघ. आत्ता तू बोलालीस म्हणून माझ्या डोक्यात आलं."

मला त्यावर काही बोलवेना. ते पोर कसं निजलेलं होतं ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि प्रत्येक वेळी कारण निजवण्यातच असतं असंही नाही. उताणी निजलेली मुलंही क्वचित जातात. पण त्या बाईंनी उभा जन्म ते ओझं वाहिलं आणि जगात कुठंतरी कागदांवर त्याबद्दल काहीतरी लिहून ठेवलेलं होतं, हे मला अजून गिळता येत नाही.

उशा गेल्या. पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, गादी. "हाताचा पंजा दाबा. उचलल्यावर खड्डा राहिला तर ती गादी बाळाची नाही." घरी आल्यावर आईनं हात दाबला, खड्डा राहिला. तो खड्डा बघताना मला २०१९ आठवलं. आमचं घर गावभागात. त्या ऑगस्टच्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमची खालची खोली छतापर्यंत भरली. पाणी ओसरल्यावर गल्लीच्या दोन्ही कडेला गाद्यांचे ढीग पडले होते, चिखलानं काळ्या झालेल्या. कापसाची भिजलेली गादी चार माणसांना उचलत नाही. आमच्या आजीच्या वेळच्या गाद्या त्यात गेल्या. दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी दारात येऊन कापूस पिंजायचा, त्याच्या धनुकलीचा टण्ण टण्ण आवाज दुपारभर यायचा, आणि पहिले काही दिवस फुगलेली गादी महिन्याभरात दबून फळीसारखी व्हायची. पुरानंतर घाईघाईनं आणल्या त्या फोमच्या, गुबगुबीत. पाठीला बऱ्या लागतात म्हणून आम्ही सगळे खूश. माझी पाठ अजून खूश आहे. पण चार महिन्यांच्या मुलाला ते मऊपण नको असतं. आईच्या लक्षात आलं तेव्हा ती एकदम फॉर्मात आली. "मी काय सांगत होते? जुन्या गाद्याच बऱ्या!" तिला एका गोष्टीत तरी डॉक्टरांनी दुजोरा दिला होता आणि तिनं तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गादीवाल्याकडे गेलो. हल्ली कापूस मशीनवर पिंजतात, दुकानात शिरलं की नाकातोंडात तंतू जातात. लहान गादी, सपाट, आणि दाबून भरा असं सांगितल्यावर तो माणूस हसला. "ताई, सगळी मऊ मागतात. कडक मागणारं पहिलंच गिऱ्हाईक." आईनं त्याला बाळाची अख्खी कथा सांगितली. त्यानं गादीला जवळजवळ टाके घालून ती इतकी घट्ट केली की पंजा दाबला तर पंजालाच कळावं. आता ठकू जमिनीवर, त्या गादीवर. खाली सतरंजी, वर एकच चादर, चारी बाजूंनी खाली खोचलेली. पडण्याची भीती मिटली, कारण पडायला उंचीच नाही. दिवाण भिंतीला टेकवून तिला भिंतीकडच्या बाजूला निजवायचं असं माझ्या मनात आलं होतं, तेही वहिनीनं मोडून काढलं. गादी आणि भिंत यांच्यात बोटभर फट पडते, मूल वळत वळत तिथं जातं आणि तोंड फटीत अडकतं. जमिनीवर गादी खोलीच्या मध्ये, चारही अंगांना मोकळी फरशी. हे चित्र काही आपल्याकडे नवीन नाही. चटई अंथरून खाली निजणारी माणसं आपण. उंच पलंग आणि गुबगुबीत गाद्या कालपरवाच्या.

असं खूप काही निघालं, की जुनं ते चूक आणि नवं ते बरोबर अशी सरळ रेघ मारता येईना. अंघोळ घालणाऱ्या मावशींचंच बघा. त्या पाटावर बसून पाय लांब करतात, ठकूला नडग्यांवर पालथी घालतात आणि तेल जिरवतात. ठकू पहिल्यांदा नाक घासायची, मग हळूहळू मान उचलायला लागली, आता मोरीच्या भिंतीवरची पाल शोधते. डॉक्टर म्हणाले होते, जागी असताना आणि कुणी जवळ असताना मुलाला रोज थोडा वेळ पोटावर ठेवा, मान आणि खांदे तयार होतात, डोकंही चपटं होत नाही. मावशी हे बिनबोभाट किती पिढ्यांपासून करत आल्यात. मोहरीच्या उशीचं काम त्यांच्या नडग्या करत होत्या. उशी मात्र कपाटात गेली. विहीणबाईंनी एकदा व्हिडिओ कॉलवर "उशी वापरता ना?" असं विचारलं तेव्हा आईनं माझ्याकडे बघत "हो हो, डोकं कसं गोल झालंय बघा," म्हणून कॅमेरा ठकूच्या डोक्यावर नेला. खोटं म्हणावं तर डोकं खरंच गोल होतं.

झोळीवरून मात्र थोडं वाजलं. आमच्याकडे मधल्या घराच्या आढ्याला कडी आहे, आईनं तिथं साडीची झोळी बांधायची तयारी केली होती. झोळीत मूल पटकन झोपतं, हे वहिनीलाही मान्य होतं. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला लागते आणि चिमुकली श्वासनलिका दुमडते. त्यात मूल वळायला लागलं की तोंड कापडाला चिकटतं, आणि कापड सगळीकडूनच जवळ. वहिनी म्हणाली, "आई, जागी असताना, आपण समोर बसून झोके देऊ. झोप लागली की उचलून गादीवर." आईला हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण उचलून ठेवताना ठकू हमखास जागी होते, त्यामुळे झोळी आपोआपच मागं पडली. तत्त्वापेक्षा कंटाळ्यानं सुटलेले प्रश्न आमच्या घरात बरेच आहेत.

दुपट्यात गच्च गुंडाळणं तर वळायला लागल्याबरोबर बंदच करावं लागतं, नाहीतर पालथं झालेलं मूल हात सोडवू शकत नाही. पण मग पहाटेच्या कूलरच्या गार वाऱ्यात अंगावर काय? चादर तोंडावर जाते. बाजारात बाळाला अंगात घालायच्या बिनबाह्यांच्या पिशव्या मिळतात म्हणे. दादानं ऑनलाइन किंमत बघून पाठवली आणि आईनं ती बघून फोन खाली ठेवला. तिनं आपली एक जुनी इरकल काढली. वापरून वापरून साबुदाण्याच्या पापडासारखी झालेली. शिलाई मशीनवर बसली आणि संध्याकाळपर्यंत पिशवी तयार. वहिनीनं बघितली आणि परत दिली. गळा मोठा झाला होता; आत डोकं सरकलं तर पंचाईत. आईचं तोंड उतरलं, पण तिनं गळा उसवला. दुसऱ्यांदा बगला घट्ट झाल्या. मग कागदावर माप काढून शिवली, पायाकडे ऐसपैस, गळ्याशी बेताची, नाडी नाही, गोंडा नाही. गोंडा लावायला आईचे हात शिवशिवत होते, हे मी बघितलं. गळ्यातला काळा दोराही रात्रीपुरता निघाला. आईनं त्यातले दृष्टमणी काढून करदोट्यात ओवले. टोपडं रात्री नाही. ठकू फार गरम झालीय का हे बघायला आई आता हातपाय न बघता मानेमागं दोन बोटं घालते, घाम असला तर पिशवीही काढून टाकते. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं असं तिचं म्हणणं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझ्यासमोर.

डासांचं काय, हा सांगलीत पहिला प्रश्न असायला हवा होता, तो शेवटी आला. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी बारशातच तीन जणांनी दिली होती, खाली मऊ गादी आणि उशी जोडलेली. वळणारं मूल त्या जाळीला जाऊन चिकटतं, नाक जाळीत दाबतं, शिवाय खालची ती मऊ गादी. त्या तिन्ही एकावर एक माळ्यावर. आता आम्ही मोठी मच्छरदाणी बांधतो, आमच्या अंथरुणांसकट सगळ्यांवर, आणि उदबत्ती-कॉइल असला धूर बाळाच्या खोलीत नाही. बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीची आणि ओव्याच्या धुरीची आठवण काढून आईनं एक सुस्कारा सोडला. तो वास मलाही आवडायचा. हळदीचा हंगाम आणि त्यात ओव्याची धुरी, असल्या वासात मी वाढले. आता खोलीत कसलाच वास नसतो, म्हणजे दुधाचा आणि तेलाचा सोडून.

ठकूला परत उताणं व्हायला जमलं तो दिवस कुणी पाहिला नाही, कॅमेऱ्यानंही नाही, कारण दादानं तोवर रात्रीचं बघणं सोडलं होतं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, कॅमेरा, श्वास-नाडी मोजणारा पायातला मोजा, असली यंत्रं मूल वाचवत नाहीत, फक्त तुमची झोप घेतात. शिवाय ऑफिसात मीटिंगमध्ये डुलकी लागली आणि बॉसनं विचारलं. एका सकाळी आम्ही उठलो तर ठकू गादीच्या दुसऱ्या टोकाला, पाय उशाकडे, म्हणजे उशी असती तर उशाकडे. आपली आपण वळत वळत गेलेली. त्या दिवसापासून आई तिला रात्री वळवायला उठत नाही. निजवताना मात्र उताणंच, दुपारच्या डुलकीलासुद्धा.

आता नवीन काळजी आहे. वहिनीची रजा संपत आली, ठकू आणि ती पुण्याला जाणार. दिवसा पाळणाघर. वहिनीनं ऐकून ठेवलंय, की ज्या मुलांना पाठीवर निजायची सवय आहे त्यांना कुणी एकदम पालथं निजवलं तर धोका जास्त, आणि हे बहुतेक वेळा आईबाप नसताना, दुसऱ्याच्या हाती होतं. म्हणून तिनं फोनवर एका पाळणाघरातल्या बाईंना विचारलं, तुम्ही मुलांना कसं झोपवता. "कसं म्हणजे? झोपतील तसं," बाई म्हणाल्या. "रडालं तर थोपटतो पालथं घालून, लगेच झोपतंय." वहिनीनं आभार मानून फोन ठेवला आणि यादीतलं दुसरं नाव काढलं. आई बाजूला बसून ऐकत होती. मला म्हणाली, "मी जाते हिच्याबरोबर पुण्याला. त्यांच्या गाद्या हातानं दाबून बघितल्याशिवाय मी पोरगी ठेवू द्यायची नाही." वहिनी म्हणाली, "आई, तिथं जाऊन बायकांना बोलू नका हं काही." आई म्हणाली, "बोलत नाही. ते कॅलेंडर कुठं ठेवलंयस गं?"